लमलेरा : देवमासा, मका आणि लांबून दिलेले सल्ले

शेवंता_जकार्ता

मागे एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "इंडोनेशियातल्या कुठल्याशा बेटावर अजून देवमासे भाल्यानं मारतात म्हणे, काय रानटी लोक." तिथंच उत्तर लिहायला घेतलं, पण ते इतकं पसरलं की म्हटलं स्वतंत्र धागाच काढू.

बेटाचं नाव लेम्बाता, गाव लमलेरा. पूर्व नुसा तेंगारा प्रांत. फ्लोरेस संपलं की सोलोर, अदोनारा आणि मग हे. मी नोकरीला जकार्तात असते, पण हातमागाच्या कापडाचं वेड आहे, त्यामुळे त्या बाजूला अधूनमधून जाणं होतं. मुक्काम विणणाऱ्या बायकांकडे. साहजिकच हे गाव मला होडीतून कमी आणि चुलीपाशी बसून जास्त कळलं.

गाव डोंगराच्या उतारावर, नुसत्या दगडात वसलेलं आहे. भाताचं नाव नको, मकासुद्धा जेमतेम. समोर सावू समुद्र, आणि किनाऱ्यापासून थोडं पुढं गेलं की तळ एकदम खोल. म्हणून स्पर्म व्हेल जातीचा देवमासा (ते त्याला कोतेक्लेमा म्हणतात) गावातून नुसत्या डोळ्यांना दिसतो. मे ते ऑक्टोबर हंगाम, तेव्हा नावा रोज बाहेर पडतात. एरवी मासा दिसला तर "बालेओ! बालेओ!" अशी हाळी किनाऱ्यावरून घराघरांत चढत जाते आणि पुरुष हातातलं काम टाकून पळतात. पुढचं सगळ्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं: नावेच्या नाळेवर बांबूचं फळकूट, त्यावर उभा लमाफा, म्हणजे भाला मारणारा, आणि तो भाल्यासकट माशाच्या पाठीवर उडी घेतो.

व्हिडिओ तिथं संपतो. माझ्या दृष्टीनं गोष्ट तिथून सुरू होते. मांस चिरून बांबूच्या मांडवांवर वाळत घालतात. खाली पन्हळ लावलेली असते, तिच्यातून तेल थेंबथेंब डब्यात पडतं. तो वास कपड्यांतून आठवडाभर जात नाही. वाळलेल्या पट्ट्या बायका डोक्यावर घेऊन शनिवारी वुलांदोनीच्या बाजाराला चालत जातात. डोंगरावरच्या गावांतल्या बायका मका, केळी, कंद घेऊन खाली उतरतात. समोरासमोर बसतात. बाजाराचा माणूस शिट्टी वाजवेपर्यंत कुणी कुणाच्या टोपलीला हात लावत नाही. शिट्टी झाली की एकच गलका. पैसे नाहीत. माप सहाचं, त्याला मुंगा म्हणतात: सहा कणसं, सहा केळी. मांस, मीठ आणि पानाला लागणारा चुना किनाऱ्याकडून, धान्य डोंगराकडून.

माझं मत सरळ आहे. शिकार बंद करा म्हणणाऱ्यांनी आधी डोंगरावरच्या मक्याचं काय करायचं ते सांगावं. पटतंय का?

चिंतू

पहिला. बाकी वाचून सांगतो.

मृण्मयी

लेख छान, मत अजिबात पटलं नाही. स्पर्म व्हेल हा साधासुधा मासा नाही (खरं तर मासाच नाही). माद्या पिल्लांसह कुटुंब करून राहतात, एक पाण्याखाली गेली तर दुसऱ्या तिचं पिल्लू सांभाळतात. अशा प्राण्याला तासन्‌तास रक्तबंबाळ करून मारायचं आणि वर "आमची परंपरा" म्हणायचं. परंपरा म्हटलं की सगळं माफ असेल तर आपल्याकडेही बऱ्याच गोष्टी बंद करायला नको होत्या. बाजारात मांसाऐवजी ट्यूना नेला तर मका मिळणार नाही का?

हर्णैकर

आमचं घराणं मच्छीमारीतलंच, म्हणून एक विचारतो. एवढ्या मोठ्या जनावराला दोर कसला लावतात? नायलॉन?

शेवंता_जकार्ता

@हर्णैकर, आता नायलॉन आलाय, पण भाल्याचा मुख्य दोर अजून हातानं वळलेला असतो, कापूस आणि झाडाच्या सालीच्या धाग्यांचा. त्याला लेओ म्हणतात. हंगाम नसताना तो कुळाच्या मूळ घरात राहतो. नावेलाही खिळा नसतो, फळ्या लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या आणि आतून वेतानं आवळलेल्या. शीड पूर्वी ताडाच्या जातीतल्या एका झाडाच्या पानांचं विणायचे. नावेचं नाव तेना, बाहेरचे लोक पलेदांग म्हणतात. तेना एका माणसाची नसते, कुळाची असते.

@मृण्मयी, ट्यूनाचं उत्तर सविस्तर देते, जरा वेळ दे.

निवांत_नाना

तिशीत मालवाहू जहाजावर होतो. तिमोरच्या उत्तरेकडून ओम्बाई सामुद्रधुनीतून रात्री जायचो. पाण्याला विलक्षण ओढ असते तिथं. दिवसा एकदा देवमाशांचा कळप पाहिला, डावीकडे तिरका फवारा उडाला की समजायचं स्पर्म व्हेल, कारण त्याचं नाकपुडं डोक्याच्या डाव्या बाजूला पुढं असतं. आमच्या बोशननं (खलाशांच्या मुकादमानं) शिकवलेली खूण. त्या पाण्यात शिडाच्या होडीतून जाऊन ते धूड मारणारे लोक आहेत हे वाचून टोपी काढली.

माझ्या आठवणीप्रमाणे १९९४ च्या सुमारास जखमी माशानं लमलेराच्या नावा ओढत पार तिमोरच्या बाजूला नेल्या होत्या, माणसं काही दिवसांनी वाचवली गेली. ताईंना माहीत असेल.

शेवंता_जकार्ता

हो नाना, गावात ती गोष्ट अजून सांगतात. नावा गेल्या, माणसं वाचली. दर वर्षी ३० एप्रिलला संध्याकाळी किनाऱ्यावरच्या चॅपलपाशी समुद्रात राहिलेल्यांसाठी प्रार्थना असते, मेणबत्त्या पाण्यावर सोडतात. १ मे ला हंगामाची मिसा. गाव कॅथलिक आहे, पण त्याआधी जमिनीच्या मूळ धन्यांच्या कुळाकडे जाऊन त्यांचा मान द्यावा लागतो. देवमाशांना बोलवायचा अधिकार त्यांचा. पाद्रीबाबांना यात काही खटकत नाही, निदान आता तरी.

खवय्या_खानदेशी

सगळे देवमाशावर तुटून पडलेत (शब्दशः). जेवायला काय असतं तिथं? आमच्यासारख्या घासफूसवाल्यांनी जायचं की नाही?

शेवंता_जकार्ता

@खवय्या, बिनधास्त जा. जागुंग तिती नावाचा प्रकार आहे, तो बघण्यासाठी तरी जाच. मातीच्या खापरात मका भाजतात. पहाटे चारला चूल पेटते. बाई उजव्या हातात दगड धरून बसते, डाव्या हातानं खापरातले गरम दाणे उचलते, दुसऱ्या सपाट दगडावर टाकते आणि उजव्यानं एक फटका. दाणा चपटा. पुन्हा हात खापरात. डाव्या हाताच्या बोटांची टोकं घट्टे पडून दगडासारखी झालेली असतात. मी दोन मिनिटं करून पाहिलं आणि बोट तोंडात घालून बसले. मालकीणबाई हसून हसून लोळल्या.

चवीला आपले मक्याचे पोहेच, फक्त घरी कांडलेले. सोबत शेवग्याच्या पाल्याचं पातळ कालवण. शेवगा तिथं घरोघरी आहे, कोरड्या दिवसांत तोच पालेभाजी.

चिंतू

म्हणजे मका पोहे आणि शेवगा. खानदेश सोडून तिथंच जन्म घ्यायला हवा होता खवय्याने.

खवय्या_खानदेशी

ठेचा नसेल ना तिथं. नको.

प्रवाळ

मी सागरी जीवशास्त्राशी संबंधित काम करतो, तर थोडी आकडेवारी. लमलेरात वर्षाला सरासरी वीसच्या आसपास स्पर्म व्हेल मारले जातात असं सांगितलं जातं. काही वर्षी त्याच्या दुपटीहून जास्त, काही वर्षी अगदी हाताच्या बोटांवर. दुसऱ्या बाजूला २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार विसाव्या शतकात यांत्रिक जहाजांनी जगभरात सुमारे २९ लाख देवमासे मारले, त्यातले साडेसात लाखांहून जास्त स्पर्म व्हेल. म्हणजे ही जात ज्यांनी आजच्या अवस्थेला आणली ते लमलेराचे नव्हेत.

पण म्हणून मृण्मयीचा मुद्दा खोटा ठरत नाही. स्पर्म व्हेलची मादी चौदा ते सोळा महिने गाभण असते आणि दोन पिल्लांत चार-पाच वर्षं सहज जातात. अशा प्राण्याच्या छोट्या स्थानिक गटातून वर्षाला पंधरा-वीस कमी होणं ही किरकोळ गोष्ट नाही. आयुसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत ही जात 'असुरक्षित' गटात आहे. इंडोनेशियाच्या कायद्यानंही देवमासे संरक्षित आहेत, पण लमलेराच्या पारंपरिक शिकारीकडे सरकार काणाडोळा करतं. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाचा इंडोनेशिया सभासदच नाही, त्यामुळे व्यापारी शिकारीवरची १९८६ पासूनची बंदी त्यांना थेट लागू होत नाही.

माझी खरी चिंता वेगळी आहे: मांटा (पंखांसारखे कल्ले असलेला मोठा चपटा मासा) आणि डॉल्फिन. कोतेक्लेमा मिळाला नाही की इंजिनाच्या होड्या यांच्या मागे लागतात. मांटाला इंडोनेशियानं २०१४ मध्ये पूर्ण संरक्षण दिलंय, आणि मांटाची मादी दोन-तीन वर्षांनी एखादं पिल्लू देते.

सातासमुद्रापार

मी बर्गनमध्ये राहते. इथला नॉर्वे हा देश बंदीला हरकत नोंदवून आजही मिंक व्हेल मारतो, तोही तोफेच्या भाल्यानं, आणि सुपरमार्केटात विकतो. इथल्या माणसांना कुणी रानटी म्हटलेलं ऐकलं नाही. दरडोई उत्पन्न जास्त असलं की परंपरेला 'वारसा' म्हणायची सोय होते.

शेवंता_जकार्ता

नॉर्वेचा विषय निघालाच आहे तर हे ऐका. १९७३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं लमलेराला मदत म्हणून एक नॉर्वेजियन शिकारी पाठवला, सुधारित पद्धत शिकवायला. बोट आली, तोफेचा भाला आला. मासे मिळाले. पण इतकं मांस एकदम आलं की करायचं काय, आणि मुख्य म्हणजे वाटायचं कसं? तेनाच नाही तर तेनाचे वाटेकरी कोण? प्रकल्प फार काळ टिकला नाही, लोक परत आपल्या नावांकडे वळले. तेव्हा जग त्यांना म्हणत होतं "जास्त मारा, शास्त्रशुद्ध मारा". दहा-पंधरा वर्षांत तेच जग म्हणायला लागलं "अजिबात मारू नका". गावातल्या म्हाताऱ्यांना या दोन्ही मंडळींचे चेहरे सारखेच वाटतात यात नवल नाही.

अ‍ॅड_काकू

विणकामाबद्दल लिही ना गं. तू मूळ त्यासाठी जातेस आणि त्यावर एक ओळ नाही. तसंच या भागात लग्नात हस्तिदंत देतात असं कुठंतरी वाचलं होतं, ते खरं का? बेटावर हत्ती कुठून आले?

शेवंता_जकार्ता

काकू, धागा भरकटेल म्हणून आवरलं होतं, पण तुम्हीच विचारलंत.

लमहोलोत भाषा बोलणाऱ्या या सगळ्या पट्ट्यात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना देज म्हणून हत्तीचा सुळा द्यायचा असतो. हत्ती एकही नाही, कधीच नव्हता. सुळे जुन्या व्यापारातून आलेले, पिढ्यान्‌पिढ्या या घरातून त्या घरात फिरतात. अदोनारा आणि पूर्व फ्लोरेसमध्ये तर कुणाचा सुळा कुणाकडे गेलाय याचा हिशेब लोकांना तोंडपाठ असतो. सुळा नसेल तर तो मिळेपर्यंत लग्न "चालू" राहतं, पोरंबाळं होतात, देणं डोक्यावर असतं.

मुलीकडून त्या बदल्यात हातमागाचं कापड जातं. सूत घरी कातलेलं, आधी बांधून मग रंगवलेलं (आपल्याकडे इकत म्हणतो तेच). निळा रंग नीळीचा, तांबडा आल नावाच्या झाडाच्या मुळीचा. लमलेराच्या कापडावर नाव, मांटा आणि देवमासा विणतात. आणि गंमत म्हणजे जुन्या घराण्यांत वारसा म्हणून जपलेलं सगळ्यात मानाचं वस्त्र गुजरातचं पटोळं आहे! डच कंपनीच्या आणि त्याआधीच्या व्यापारात मसाल्याच्या बदल्यात ही कापडं या बेटांवर आली. देजाच्या कापडावरची नक्षीही पटोळ्यावरूनच घेतलेली. एका आजींनी पेटीतून काढून दाखवलं, हात लावू दिला नाही. मी भारतातली आहे म्हटल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे हे अजून करतात?" करतात म्हटलं. किंमत सांगायचं टाळलं.

चिंतू

व्हेलची उलटी मिळते का हो तिथं? आमच्या कोकणात दर दोन महिन्यांनी कुणीतरी कोटींच्या मालासकट पकडला जातो.

अ‍ॅड_काकू

@चिंतू, भारतात ती बाळगणं आणि विकणं दोन्ही गुन्हा आहे, स्पर्म व्हेल १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. विनोदातसुद्धा "कुठं मिळते" विचारू नकोस, सायबर सेल धागा वाचतो.

हर्णैकर

गणपतीपुळ्याला २०२३ च्या नोव्हेंबरात देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं. मच्छीमार, वनखातं, तटरक्षक दल सगळे जीव तोडून त्याला पाण्यात ढकलत होते. वाचलं नाही शेवटी. आमच्याकडे देवमाशाला कुणी मारत नाही, जाळ्यात आला तर जाळं कापून सोडतात. त्यामुळे मारण्याचं मला समर्थन करवत नाही. पण बाजाराचं मात्र पटतं. आमच्या आजीच्या लहानपणी सुकी मासळी घेऊन वर घाटाकडच्या गावांत जायच्या आणि भात-नाचणी घेऊन यायच्या. पैसा आला आणि ते मोडलं. चांगलं झालं की वाईट, मला सांगता येणार नाही. आजी म्हणायची पाय वाचले.

मृण्मयी

हर्णैकर, तुम्हीच मुद्दा मांडलात. पैसा आला, मोडलं, आणि कुणी उपाशी मेलं नाही. मग लमलेराच तेवढं संग्रहालयात ठेवायचं का? शेवंता, ट्यूनाचं उत्तर अजून आलेलं नाही. शिवाय व्हेल वॉचिंग आहेच. जगभर गावंच्या गावं त्यावर जगतात.

शेवंता_जकार्ता

घे उत्तर.

कोतेक्लेमा किनाऱ्याला लागला की त्याचे वाटे आधीच ठरलेले असतात, माशाच्या अंगावर रेघ मारावी तसे. लमाफाचा वाटा, सुकाण्याचा, वल्हेकऱ्यांचा, नावेच्या कुळाचा. नाव बांधणाऱ्या सुताराचा वाटा, तो त्या दिवशी झोपलेला असला तरी. भाल्याचं पातं ठोकणाऱ्या लोहाराचा. शीड विणणाऱ्याचा. डोक्याचा मानाचा भाग जमिनीच्या मूळ धन्यांना. ज्यांना वाटा मिळाला ते पुढे बहिणींना, सासुरवाडीला, शेजाऱ्यांना देतात. ज्या घरात कर्ता पुरुष उरलेला नाही तिथंही मांस पोचतं. मी राहते ती मालकीणबाई विधवा आहे. तिच्या मांडवावर मांस वाळत असतं, आणि तिच्या घरातलं कुणीही नावेवर जात नाही.

आता ट्यूना. तो जाळ्यात येतो, जाळं आणि इंजिन ज्याचं, मासा त्याचा. फार तर डिझेल टाकणाऱ्याचा वाटा. व्हेल वॉचिंगचंही तेच. होडी ज्याची आणि खोल्या ज्याच्या, पैसे त्याचे. रुपिया कसा वाटायचा याचा नियम कुठल्या आजोबांनी घालून दिलेला नाही. म्हणून "मांसाऐवजी पैसे आले तर काय बिघडलं" हा हिशेब गावाच्या बेरजेत बरोबर येतो आणि त्या बाईच्या चुलीपाशी चुकतो.

गावाला कुणी विचारलं नाही असंही नाही. २००९ मध्ये सावू समुद्रात सागरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं तेव्हा लमलेरानं जोरात विरोध केला आणि त्यांच्या बाजूचा समुद्र त्यातून वगळावा लागला.

प्रवाळ

हा मुद्दा मला नवा आहे आणि महत्त्वाचा वाटतो. संरक्षणाच्या योजनांत 'पर्यायी उपजीविका' म्हणून मच्छीमाराला होडी नाहीतर शेवाळशेती देतात. सुताराला आणि विधवेला काय द्यायचं हा रकाना अर्जात नसतोच.

तरी एक खुपतं. इंजिन आता आलंच आहे. पूर्वी तेना वल्हवत जायची, आता इंजिनाची होडी तिला ओढत माशापर्यंत नेते. पोच वाढली, वेग वाढला. नियम जुने, साधन नवं. वाटपाचे नियम कितीही न्याय्य असले तरी किती मारायचे याचा नियम त्यात नाही. आणि अजून एक, दात असलेल्या खोल समुद्रातल्या देवमाशांच्या मांसात पारा साठतो. फेरो बेटांवरच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी २००८ मध्ये पायलट व्हेल खाऊच नका असं सांगितलं होतं. लमलेराच्या गरोदर बायकांना हे कुणी सांगितलंय का?

निवांत_नाना

प्रवाळ, तो पारा लमलेराच्या लोकांनी नाही हो ओतला समुद्रात.

प्रवाळ

नाही ओतला नाना. पण पोटात त्यांच्याच जातो.

खवय्या_खानदेशी

वातावरण तंग झालंय. कुणीतरी सांगा, भांडण झालं की शिकार मिळत नाही असा तिकडे समज आहे ना? कुठल्याशा माहितीपटात ऐकलं होतं.

शेवंता_जकार्ता

आहे! नावा रिकाम्या परत यायला लागल्या की म्हातारे विचारायला लागतात, कुणाच्या घरात धुसफूस आहे. लमाफाच्या घरात तर हंगामाआधी सगळी देणीघेणी, रुसवेफुगवे मिटवावे लागतात. भाला नेम चुकला, दोरात पाय अडकला, तर पहिली शंका घरच्या भांडणावर.

अ‍ॅड_काकू

म्हणजे नवरा समुद्रावर असताना बायकोनं तोंड उघडायचं नाही. सोय बघा कशी लावलीय.

शेवंता_जकार्ता

काकू, मलाही आधी तेच वाटलं होतं. पण तिथल्या बायका याचा उलटा उपयोग करतात. एप्रिल महिन्यात नवऱ्याकडून जे काही कबूल करून घ्यायचं ते घेतात, कारण तेव्हा तो नाही म्हणू शकत नाही. मालकीणबाईंच्या सुनेनं छपराचे पत्रे असेच मिळवले.

चिंतू

ही परंपरा आपल्याकडे आणू नये ही नम्र विनंती. आमच्या घरी बारा महिने एप्रिल आहे.

सातासमुद्रापार

तरुण पोरं काय करतात पण? इथं आपण म्हाताऱ्यांबद्दलच बोलतोय.

शेवंता_जकार्ता

बरीच बाहेर जातात. शिकणारी कुपांगला (प्रांताची राजधानी), कमावणारी मलेशियात, सबाच्या ताडतेलाच्या मळ्यांवर. लेम्बाता-अदोनाराच्या कित्येक घरांत बाप किंवा मुलगा तिकडेच असतो. कोकणातल्या लोकांना मुंबईच्या मनीऑर्डरी आठवतील. कुपांगच्या वसतिगृहात शिकणाऱ्या पोराला आई डब्यात वाळलेलं मांस आणि जागुंग तिती पाठवते, ते विकून तो वह्या घेतो असंही चालतं. मालकीणबाईंचा नातू नर्सिंग शिकतोय. त्याला लमाफा व्हायचंय का विचारलं, तर म्हणाला, "उडी मारायला आवडेल. रोज वाट बघत बसायला नाही." बहुतेक दिवस काहीच मिळत नाही हे व्हिडिओत कुठं दिसतं?

शिवाय बेटाची स्वतःची दुखणी आहेतच. नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तरेकडचा लेवोतोलोक ज्वालामुखी फुटला, लोक विस्थापित झाले, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये सेरोजा चक्रीवादळाच्या पावसानं त्याच डोंगराचा राडारोडा गावांवर आणला. माणसं गेली. तेव्हा डोंगराकडची कितीतरी शेती गाडली गेली. देवमाशांवर चिंता करणारे ईमेल जगभरातून येतात, त्या चिखलाबद्दल किती जणांनी ऐकलंय?

मृण्मयी

मी नव्हतं ऐकलं, मान्य. पण एका दुःखानं दुसरं झाकत नाही. माझं म्हणणं अजून तेच आहे: वाटपाचे नियम जपायचे असतील तर ते ट्यूनाला लावा. कुळाची नाव असते तसं कुळाचं जाळं का नको? सुताराचा, विधवेचा वाटा जाळ्यातून काढा. अवघड असेल, अशक्य नाही. आणि ते त्यांनीच ठरवावं, मी इथून सांगून उपयोग नाही, एवढं तुझ्यामुळे कळलं.

हर्णैकर

जाळ्याला वाटे आमच्याकडे पूर्वी होतेच की. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, तांडेलाचा वाटा, देवाचा वाटा. विधवेला मात्र कायम ठरलेला असा नव्हता, देणाऱ्याच्या मनावर. ट्रॉलर आले आणि तेही गेलं. तेव्हा ताईंना एक विचारा तिकडे: कुळाचं जाळं कुणी करून बघितलंय का?

शेवंता_जकार्ता

हे मी कधीच विचारलं नाही, पुढच्या खेपेला विचारते. माझा अंदाज सांगू? मासा मोठा म्हणून वाटणी. एका कुटुंबाला संपवता येत नाही, लपवता येत नाही, तो किनाऱ्यावर सगळ्या गावासमोर पडलेला असतो. टोपलीभर ट्यूना परसदारानं घरात जातो. पण मृण्मयीची सूचना त्या सुनेला नक्की सांगेन, पत्रेवाल्या. ती असल्या गोष्टींत हुशार आहे, आणि एप्रिल लांब नाही.

अ‍ॅड_काकू

ती पटोळ्याची नक्षी आणि देजाचं कापड यावर वेगळा धागा काढ. फोटोंसह. तिथं देवमाशावर कुणी भांडणार नाही.

निवांत_नाना

जायचा मार्ग लिहा हो. सत्तरीत आहे, पण गुडघे शाबूत आहेत.

शेवंता_जकार्ता

नाना, मुंबईहून जकार्ता किंवा बाली, तिथून कुपांग. कुपांगहून लेवोलेबाला (लेम्बाताचं मुख्य गाव) छोटं विमान असतं. नाहीतर फ्लोरेसला लारांतुका बंदरापर्यंत जाऊन बोटीनं लेवोलेबा. तिथून दक्षिणेला लमलेरापर्यंत बाकं टाकलेला ट्रक. अंतर थोडं, वेळ अर्धा दिवस धरा, पावसाळ्यानंतर जास्त. गुडघ्यांपेक्षा कंबरेचं बघा. फ्लोरेसवरचा लेवोतोबी ज्वालामुखी २०२३ च्या डिसेंबरपासून अधूनमधून राख उडवत आलाय, त्यामुळे तिथल्याच मौमेरे शहराची विमानं रद्द झालेली आहेत, तेव्हा निघण्याआधी बातम्या बघा आणि हातात चार दिवस जादा ठेवा. रोख रक्कम लेवोलेबातच काढून घ्या. आणि कुणाकडे उतरलात तर जाताना पान-सुपारी न्या. चुना त्यांच्याकडे घरचा असतो.

निवांत_नाना

जुलैत बघतो. सौ.ला अजून सांगितलेलं नाही.

चिंतू

एप्रिलमध्ये सांगा.